फ्लाय फिशिंगसाठी कयाकची निवड

फ्लाय फिशिंगसाठी कयाक निवडायची तर आधी गळ टाकण्याची रीत समजून घ्यावी लागते. होडीचा विचार त्यानंतर येतो. नेहमीच्या गळाच्या मासेमारीत वजन असते ते दोऱ्याच्या टोकाला. शिसे किंवा जड आमिष भिरकावले की बारीक दोरा त्याच्यामागे रिळातून सुटत जातो. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला वजन जवळजवळ नसतेच. गळावर पिसे, केस, रंगीत दोरा आणि चमकी बांधून केलेली ‘फ्लाय’ ही किड्याची, कोळंबीची किंवा बारीक मासळीची नक्कल असते आणि ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर चार हातांवर पडेल. म्हणून वजन लाइनमध्ये घातलेले असते. लाइनचा नंबरही त्या वजनावरूनच ठरतो. पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास. खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या माशांसाठी वापरतात त्या आठ नंबरच्या लाइनचे २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या थोडे वर. ही लाइन नऊ फुटी लवचीक काठीने आधी पाठीमागे हवेत पूर्ण उलगडावी लागते आणि मगच पुढे सोडता येते. फेकायची जादा लाइन रिळातून आपोआप सुटत नाही. ती हाताने ओढून आधीच मोकळी करून ठेवतात. दहा-पंधरा मीटर लाइन पायाशी सैल वेटोळ्यांत पडलेली असते आणि शेवटच्या फेकीबरोबर सपकन वर जाते.

म्हणजे अशा मच्छीमाराला तीन गोष्टी लागतात: पाठीमागे मोकळी हवा, हाताला आणि डोळ्याला उंची, आणि पायाशी काहीही न अडकणारी सपाट जागा. बाजारात ‘फिशिंग कयाक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक होड्या साध्या गळाची मासेमारी डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या असतात. काठ्या उभ्या करायच्या नळ्या, मासे शोधणाऱ्या यंत्राची बैठक, खोबण्या, हुक, कप्पे यांची त्यांत रेलचेल असते आणि जितके जास्त तितकी होडी चांगली असे ग्राहकाला वाटते. फ्लाय फिशिंगला ही सगळी साधनसामग्री बहुधा मारकच ठरते. येथे होडीवर काय आहे यापेक्षा काय नाही हे आधी पाहायचे असते.

मूळ कयाक उभे राहण्यासाठी नव्हतीच. आर्क्टिक आणि त्यालगतच्या प्रदेशांतल्या इनुइट, युपिक आणि अल्यूट लोकांनी वाहत आलेल्या लाकडांच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवली. शिकारी कमरेपर्यंत आत बसे; होडी अरुंद, वेगवान आणि आवाज न करणारी असे. आजही नदीच्या खळाळात किंवा लांबच्या समुद्रप्रवासात वापरल्या जाणाऱ्या कयाक याच वळणाच्या आहेत. मासेमारीसाठी उपयोगी पडला तो वेगळाच फाटा. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात टिम नीमायर यांनी वर बसायची, बंद पोकळीची कयाक घडवली. तिच्यात पाणी साठत नाही, कारण बसायची जागा पाण्याच्या पातळीच्या वर असते आणि वर आलेले पाणी आरपार भोकांतून परत खाली जाते. उलटली तरी ती बुडत नाही. सरळ करून पुन्हा चढता येते. फ्लाय फिशिंगच्या कयाकची चर्चा मुख्यतः या प्रकाराचीच असते. आत बसायची कयाक स्वस्त आणि हलकी असली तरी तिच्यात उभे राहणे कठीण, आणि उलटली तर आत भरलेले पाणी उपसल्याशिवाय ती पुढे जात नाही.

या खेळाची खरी भूमी कोणती असे विचारले तर अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचा किनारा आधी आठवतो. कॉर्पस क्रिस्टीपासून मेक्सिकोच्या सरहद्दीकडे लागुना माद्रे हे लांबलचक खाजण पसरले आहे. त्याच्या आणि मेक्सिकोच्या आखाताच्या मध्ये पाद्रे बेट आडवे आहे, जगातल्या सर्वांत लांब वाळूच्या बेटांपैकी एक. खाजणाची सरासरी खोली जेमतेम एक मीटर. नद्यांचे गोडे पाणी फारसे येत नाही आणि ऊन कडक, त्यामुळे पाणी समुद्रापेक्षाही खारट होते. तळाशी सागरी गवताची कुरणे, आणि त्या कुरणांत खेकडे-कोळंबी वेचत फिरणारा रेडफिश. शेपटीजवळ काळा ठिपका असलेला हा तांबूस मासा आपल्याकडच्या घोळ आणि ढोमा यांच्याच कुळातला. फूटभर पाण्यात तो डोके खाली घालून चरू लागला की शेपटी पाण्याबाहेर येते आणि उन्हात चमकते. ती शेपटी दिसली की तिच्या पुढ्यात फ्लाय हलकेच उतरवायची, हाच या मासेमारीचा गाभा. १९८०च्या दशकात लुइझियानाचे शेफ पॉल प्रुडोम यांच्या काळ्या भाजलेल्या रेडफिशने अमेरिकेला वेड लावले आणि आखातातल्या या माशावर संकट आले. टेक्सासने १९८१ मध्येच त्याची व्यापारी विक्री बंद केली होती. आज तेथे हौशी मच्छीमारालाही साधारण २० ते २८ इंचांमधलेच मासे, आणि तेही मोजकेच, ठेवता येतात.

अशा पाण्यात कयाक इतकी चालते याचे कारण उथळपणा. मोटरबोट तेथे शिरली तर पंखा गवतात रुततो, आणि टेक्सासच्या किनारी पाण्यात पंख्याने सागरी गवत उपटणे २०१३ पासून कायद्याने मना आहे. पायी चालावे तर पुष्कळ ठिकाणी चिखल गुडघाभर. कयाक मात्र माणसासह वीतभर पाण्यात तरंगते आणि आवाज न करता माशापर्यंत नेते. पुढचे सगळे निकष हे पाणी समोर ठेवून सांगितले आहेत. नदीचा आणि तळ्याचा विचार ओघात येईल.

पहिला निकष उभे राहता येण्याचा. उथळ पाण्यात मासा आधी दिसावा लागतो, मग फ्लाय टाकायची. बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून हात-दोन हात उंच असतात आणि इतक्या तिरकस नजरेला पाण्यावर आकाशाचे प्रतिबिंबच अधिक दिसते. उभे राहिले की नजरेचा कोन वाढतो, चकाकी कमी होते आणि पोलराइज्ड चष्म्यातून तळ स्पष्ट दिसू लागतो. फेकीलाही उंचीचा फायदा होतो. बसून फेकताना मागे गेलेली लाइन पाण्याला टेकायची भीती असते, कारण काठी धरणारा हातच खाली असतो. बसून फेकणे अशक्य नाही. काही जण त्यासाठी दहा फुटी काठी वापरतात आणि उत्तम फेकतात. पण नवख्याला ते जड जाते, आणि मासा दिसण्याचा प्रश्न तरीही उरतोच.

उभे राहता येणे मुख्यतः होडीच्या रुंदीवर अवलंबून असते. येथे थोडे गणित उपयोगी पडते. होडी बाजूला कलताना तिला सरळ करणारा जोर पाण्याच्या पातळीवरच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३० इंच रुंद कयाक आणि तेवढ्याच लांबीची ३६ इंच रुंद कयाक यांच्यात फरक फक्त सहा इंचांचा, म्हणजे एक पंचमांशाचा. पण १.२चा घन १.७३ होतो. सहा इंचांनी स्थैर्य जवळजवळ पाऊणपट वाढते. म्हणूनच २८-३० इंची होडीत उभे राहणे ही कसरत ठरते, ३४ इंचांच्या आसपास ते सरावाने जमते आणि ३६ इंचांच्या पुढे बहुतेकांना निर्धास्त वाटते. कोकणातल्या मच्छीमारांनी अरुंद होडीचा हाच प्रश्न उलांडीने सोडवला: बाजूला आडव्या दांड्यांवर तरंगते लाकूड बांधले की होडी अरुंदच राहते, पण पाण्यावरचा पसारा वाढतो. फ्रीडम हॉक नावाच्या अमेरिकी कयाकमध्ये मागचे दोन तरंगते भाग बाजूला उघडून इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो, त्यामागचे तत्त्वही हेच.

रुंदीबरोबर तळाचा आकार पाहावा. सपाट तळ सुरुवातीला घट्ट वाटतो, पण एका मर्यादेपलीकडे कलला की एकदम उलटतो. गोलसर तळ पहिल्यापासून डुगडुगतो आणि पुढे कललेला असतानाही सावरतो. मध्ये खोलगट आणि दोन्ही कडांना तरंगते फुगवटे असलेला तळ उभे राहणाऱ्याला सर्वांत सोयीचा, कारण भार दोन्ही बाजूंना वाटला जातो. याच तळांची एक खोडही असते. समोरून लाट आली की मधल्या खोलगट भागात पाणी आपटून चपक-चपक आवाज होतो, आणि फूटभर पाण्यातला रेडफिश तो लांबून ऐकतो. शांत तळ्यात वापरायची होडी असेल तर याची काळजी नको. वाऱ्याच्या खाजणात मात्र हा आवाज नडतो; दुकानातल्या कागदावर तो कधीच लिहिलेला नसतो, पाण्यात जाऊनच ऐकावा लागतो.

रुंदीची किंमत वेगात मोजावी लागते, आणि ती भरून काढायला लांबी लागते. पाण्यातून सरकणाऱ्या होडीचा सोयीचा कमाल वेग तिच्या पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो. १० फुटी होडीचा वेग ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास अडतो, १२ फुटीचा साडेआठच्या, १४ फुटीचा सव्वानऊच्या. प्रत्यक्षात इतक्या वेगाने दिवसभर कोणी वल्हवत नाही, पण लांब होडी त्याच श्रमात सरळ आणि दूर जाते. आखूड होडी चटकन वळते. झाडाझुडपांच्या अरुंद ओढ्यात १० फूट पुरते. खाजणात रोज पाच-सहा किलोमीटर कापायचे असतील तर १२ ते १३ फूट ही बहुतेकांना मानवणारी लांबी. १४ फुटांच्या पुढे उचलणे आणि ठेवणे याच अडचणी होतात.

आता पृष्ठभाग. फ्लाय फिशिंगच्या कयाकची खरी परीक्षा येथेच होते आणि निवडीत सर्वांत कमी लक्षही याकडेच दिले जाते. सैल लाइन पायांच्या मधल्या जागेत पडते. त्या जागेत जे जे उंचवटलेले आहे त्याला ती अडकते: पाय टेकायच्या खुंट्या, कप्प्याच्या झाकणाची कडी, स्क्रूचे डोके, बुटाची नाडी, पिशवीची चेन, वल्हे अडकवायचा हुक. अडकण्याची वेळही ठरलेली असते. मासा येताना दिसतो, हातातून लाइन सुटते, ती वर जाते आणि अर्ध्यातच थांबते, कारण एक वेटोळे खुंटीच्या मागे गेलेले असते. फ्लाय माशाच्या तीन हात अलीकडे धपकन पडते आणि मासा पाण्याला फुगवटा आणत निघून जातो. ही एक गोष्ट टाळण्यासाठी जाणकार मच्छीमार होडी विकत घेण्याआधी तिच्या पृष्ठभागावर हात फिरवून पाहतात. हाताला जे लागते ते लाइनलाही लागणार.

म्हणून आसनापुढचा भाग सपाट, रुंद आणि रिकामा असलेली कयाक घ्यावी. वरच्या बाजूला फोमची पातळ चटई चिकटवलेली असेल तर उत्तम. पाय घसरत नाहीत, आवाज दबतो आणि लाइन सरकत राहते. जे उंचवटे काढता येत नाहीत त्यांवर ओला टॉवेल किंवा बारीक जाळी पसरतात. कमरेला बांधायची किंवा पायाशी ठेवायची उथळ टोपली हाही उपाय आहे; वाऱ्यात लाइन होडीबाहेर उडत असेल तर टोपलीच उपयोगी पडते. काठ्या ठेवायच्या नळ्या, यंत्रांच्या बैठका असे सगळे आसनाच्या मागे जावे. मात्र मागेही मर्यादा आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्याचे लक्ष्य सहसा होडीच्या टोकाच्या थोडे डावीकडे, घड्याळाच्या भाषेत दहा ते अकराच्या दिशेला असते, त्यामुळे मागे जाणारी लाइन चार-पाचच्या दिशेला उलगडते. तेथे उंच झेंडा, उभ्या काठ्यांचे जंगल किंवा सामानाचा खोका असला की फ्लाय त्यात गुंतलीच म्हणून समजावे. साध्या गळाच्या कयाकवर हे सगळे मागे रचलेले शोभून दिसते. येथे ते खाली आडवे ठेवावे.

काठीच्या साठवणुकीचा प्रश्नही यातूनच येतो. नऊ फुटी काठीचे चार तुकडे होतात, पण प्रत्येक वेळी लाइन ओवून फ्लाय बांधत बसायला वेळ नसतो. तयार काठी आडवी ठेवता येईल अशी कडेची खोबण आणि तिच्या टोकाला संरक्षण देणारी नळी असलेली होडी हवी. काठीचे टोक सर्वांत नाजूक; झुडपांखालून जाताना तेच मोडते.

आसन उंचावता येणारे असावे. ताणलेल्या कापडाचे, धातूच्या चौकटीचे आसन वर-खाली बसवता येते. खाली ठेवून वल्हवायचे, वर ठेवून फेकायचे. वरच्या आसनावरून उठून उभे राहणेही गुडघ्यांना सोपे जाते. काही होड्यांत उठताना धरायला पुढून दोरीचा पट्टा दिलेला असतो, तो साधा आणि कामाचा आहे. उभे राहून रेलायची धातूची चौकट आश्वासक वाटते, पण लाइन अडकायला ती आणखी एक जागा असते.

पुढे जाण्याचे साधन कोणते असावे यावर मच्छीमारांत पक्के दोन तट आहेत. वल्हे स्वस्त, बिघडत नाही, वीतभर पाण्यात चालते. तोटा एकच, हात गुंततात. पायांनी चालवायच्या यंत्राने हा प्रश्न सुटला. होबी कंपनीने १९९७ मध्ये मिराज ड्राइव्ह आणले. त्यात तळाखाली दोन लवचीक पाती पेंग्विनच्या पंखांप्रमाणे डावी-उजवीकडे हलतात. पुढे इतर कंपन्यांनी सायकलसारखी पेडले आणि खाली फिरता पंखा असलेली यंत्रे काढली. ती पेडल उलटे फिरवले की मागेही जातात. हात मोकळे राहिल्याने वाऱ्यातही होडी जागेवर धरून फेकता येते. माशाने होडी ओढायला सुरुवात केली तर त्याला खारफुटीपासून दूर नेता येते. खोल तळ्यात आणि मोकळ्या खाडीत पेडलची कयाक निर्विवाद सरस. पण फ्लाय फिशिंगपुरते तिचे दोन दोष नजरेआड करता येत नाहीत. यंत्र नेमके पायांच्या मध्ये, म्हणजे लाइन पडते तेथेच उभे असते. आणि पंख्याला खाली दीड-दोन फूट पाणी लागते. फूटभर पाण्यातल्या माशाच्या मागे जायचे तर यंत्र वर ओढून घेऊन शेवटी वल्हेच हाती घ्यावे लागते. गवताच्या उथळ खाजणात फिरणाऱ्याने म्हणून वल्ह्याची, रिकाम्या पृष्ठभागाची होडी घ्यावी, असाच निर्वाळा द्यावा लागेल. उभे राहून लांब काठीने तळाला रेटत जाणे ही तेथली सर्वांत शांत चाल.

वारा हा टेक्सासच्या किनाऱ्यावरचा कायमचा सोबती, आणि हलकी, उंच काठाची होडी वाऱ्याने पानासारखी भरकटते. कमी उंचीचा काठ त्यामुळे फायद्याचा. सुकाणू वळवण्यापेक्षा सरळ जाण्यासाठीच जास्त उपयोगी पडते. ते पायाने चालणारे असावे आणि त्याच्या तारा आतून गेलेल्या असाव्यात. थांबण्यासाठी उथळ पाण्यात नांगरापेक्षा खुंटा बरा. सहा-आठ फुटी फायबरचा दांडा होडीच्या मागच्या टोकाशी चिखलात रोवला की होडी निमूट उभी राहते आणि साखळीचा आवाज होत नाही. कडेने पुढे-मागे सरकणारी दोरी व कडी बसवलेली असेल तर नांगराची जागा टोकाकडे नेता येते. वाहत्या पाण्यात नांगर कधीही होडीच्या बाजूला बांधू नये. प्रवाह होडीला आडवी धरतो, कड खाली दाबतो आणि ती क्षणात उलटते. जोराच्या नदीत कयाकमधून नांगर टाकूच नये.

वजनाकडे दुकानात कोणी पाहत नाही आणि घरी आल्यावर मात्र रोज पाहावे लागते. बहुतेक कयाक पॉलिइथिलीनच्या असतात. साच्यात प्लास्टिकची भुकटी घालून तो भट्टीत फिरवत ठेवतात आणि वितळलेला थर आतून सगळीकडे सारखा बसतो. आपल्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या काळ्या टाक्या याच पद्धतीने बनतात. हे प्लास्टिक दगडावर घासले तरी टिकते, स्वस्त पडते, पण जड असते. १२ फुटी, उभे राहता येईल इतकी रुंद कयाक ३० ते ४५ किलोंची होते. होबीची प्रो अँगलर १४ ही ३८ इंच रुंद, जवळपास १४ फुटी होडी स्थैर्यात उजवी खरी, पण सगळे बसवल्यावर तिचे वजन ६५ किलोंच्या घरात जाते. मोटारीच्या टपावर ती एकट्याने चढवणे शहाणपणाचे नाही. मागे गाडा लावावा लागतो. एकट्याने जाणाऱ्याने म्हणून ३५ किलोंच्या आसपास थांबावे. दोन चाकांची छोटी हातगाडी प्रत्येकाने घ्यावी. एबीएस प्लास्टिकच्या पत्र्यापासून घडवलेल्या होड्या काहीशा हलक्या आणि गुळगुळीत असतात, पण खडकावर आपटल्या तर तडकतात. पॉलिइथिलीनची होडी उन्हात एका जागी टेकवून ठेवली की तळाला खळगा पडतो, म्हणून ती कडेवर उभी किंवा रुंद पट्ट्यांवर टांगून सावलीत ठेवावी.

कंपनी सांगते ती भारक्षमता पूर्ण वापरायची नसते. त्या आकड्याला होडी तरंगते, नीट चालत मात्र नाही. पाणी भोकांतून वर येते आणि उभे राहणे धोक्याचे होते. माणूस, कपडे, पाणी, सामान मिळून क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आत राहावे. ८५ किलोंचा माणूस आणि २५ किलोंचे सामान धरले तर ११० किलो होतात; त्याला निदान १६० किलो क्षमतेची होडी लागेल.

नदीवर हिशेब थोडा बदलतो. टेक्सासच्याच ग्वादलुपे किंवा लानो नदीत खडक, छोटे उतार आणि वळणे असतात. तेथे १० ते ११ फुटांची, दोन्ही टोकांना किंचित वर उचललेली, चटकन वळणारी कयाक बरी. सुकाणू आणि पेडल दोन्ही खडकावर आपटतात. ज्यांच्याकडे ठेवायला जागा नाही त्यांच्यासाठी हवा भरायच्या होड्यांचा पर्याय आता खरोखर चांगला झाला आहे. वरच्या-खालच्या थरांना हजारो धाग्यांनी बांधलेला तळ हवेने फुगला की फळीसारखा कडक होतो आणि त्यावर उभे राहता येते. गळाची टोके आणि कालवांच्या धारदार कवचांपासून मात्र जपावे लागते.

कोकण आणि गोव्यातल्या खाड्यांना हे निकष बरेचसे लागू पडतात. जिताडा आणि तांबोशी हे दोन्ही मासे खारफुटीच्या मुळांशी दबा धरून असतात आणि जगभरचे फ्लाय मच्छीमार त्यांच्यामागे असतात. आपल्या खाड्यांचे पाणी मात्र गढूळ, त्यामुळे मासा पाहून फेकण्याची संधी कमी. उभे राहण्यापेक्षा ओहोटीच्या ओढीविरुद्ध होडी धरून ठेवणे येथे महत्त्वाचे, आणि पेडलच्या कयाकची बाजू येथे वरचढ ठरते. भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघावे, नाहीतर परतताना चिखल आडवा येतो. धरणांच्या जलाशयांवर मासेमारीचे हक्क अनेकदा सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा आधी परवानगी घ्यावी.

लाइफ जॅकेट हा निवडीचाच भाग धरावा. अमेरिकेत प्रत्येक माणसामागे एक जॅकेट होडीत असणे कायद्याने बंधनकारक आहे, पण होडीत ठेवलेले जॅकेट पाण्यात पडलेल्याच्या उपयोगी नाही. ते अंगावरच हवे. कयाकसाठी पाठीच्या वरच्या भागातच फोम असलेले जॅकेट मिळते, ते आसनाला टेकत नाही. पुढे मोठे खिसे आणि लोंबत्या कड्या नसलेले घ्यावे, कारण लाइन त्यांनाही अडकते. शिट्टी, पिण्याचे पाणी आणि गळात गुंतलेला दोरा कापायला हाताशी सुरी असावी. नवी होडी घेतल्यावर पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात ती मुद्दाम उलटवून पुन्हा चढण्याचा सराव करावा. रुंद होडी सहजासहजी उलटत नाही हे खरे, पण एकदा उलटली की सरळ करायलाही तितकीच अवघड असते.

किमतीचा पल्ला मोठा आहे. अमेरिकेत वल्ह्याची साधी चांगली कयाक हजार डॉलरच्या आतबाहेर मिळते. पेडलची त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि त्याहून पुढे जाते. फ्लाय फिशिंगला लागणारी होडी साधीच असल्याने येथे कमी पैशांत चांगली निवड होऊ शकते, आणि वापरलेली कयाकही तळाला भेगा व खोल ओरखडे नाहीत हे पाहून निःशंक घ्यावी. उरलेले पैसे हलक्या वल्ह्यावर आणि चांगल्या जॅकेटवर खर्चावेत. अमेरिकेतली अनेक दुकाने होडी पाण्यात चालवून पाहू देतात. तेथे आपली स्वतःची काठी घेऊन जावे, होडीत उभे राहावे, पंधरा मीटर लाइन पायाशी सोडावी आणि दहा-वीस फेकी करून पाहाव्यात. लाइन वारंवार अडकली तर होडी कितीही देखणी असो, ती घेऊ नये.